एककाटी घड्याळाचा वाद

एककाटी घड्याळात फक्त तासकाटा असतो. मिनिटकाटा नाही, सेकंदकाटा नाही, बहुतेक वेळा तारखेची खिडकीही नाही. हा एकटा काटा बारा तासांत एक फेरी पुरी करतो, म्हणजे तासाला ३० अंश आणि मिनिटाला अर्धा अंश सरकतो. तबकडीच्या कडेला दर दोन अंकांमध्ये बारा भाग पाडलेले असतात. प्रत्येक भाग पाच मिनिटांचा, एकूण रेघा १४४. पावतासाची रेघ जरा लांब, अर्ध्या तासाची त्याहून लांब, तासाची सगळ्यांत लांब. काट्याचे टोक ४ आणि ५ यांच्यामधल्या नवव्या रेघेच्या किंचित पुढे गेलेले दिसले, तर पावणेपाच होऊन मिनिट-दोन मिनिटे झाली असे वाचायचे.

नेहमीच्या घड्याळातही वेळेची सगळी माहिती तासकाट्यातच असते. मिनिटकाटा तीच माहिती बारा पटीने मोठी करून दाखवतो. तासकाटा मोडला तर उरलेल्या मिनिटकाट्यावरून वेळ कळत नाही, कारण वीस मिनिटे झाली हे दिसले तरी किती वाजून, ते दिसत नाही. उलट मिनिटकाटा मोडला तर वेळ कळते, फक्त डोळे बारीक करावे लागतात.

असे घड्याळ समारंभाला, चांगल्या कपड्यांवर घालावे की नाही, यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. ती इथे डहाणू तालुक्यातल्या सायवन गावच्या दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. माणसे कल्पित, मुद्दे खरे. मामा एस.टी.तून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. त्यांची उभी हयात गाड्या वेळेवर सोडण्यात गेली. भाचा मुंबईत वस्तूंचे आराखडे करण्याच्या धंद्यात आहे आणि लग्नकार्याला गावी येतो तो मनगटावर एककाटी घड्याळ बांधून.

मामा : काटा पडलाय रे तुझ्या घड्याळाचा. दाखव बाजारात कोणाला तरी.

भाचा : पडला नाही मामा, बसवलाच नाही. एकाच काट्याचं आहे.

मामा : बरं, मग किती वाजले?

भाचा : साडेदहा होत आलेत.

मामा : होत आलेत म्हणजे किती?

भाचा : दहा सव्वीस. फार तर सत्तावीस.

मामा : सव्वीस की सत्तावीस?

भाचा : तेवढं नाही सांगता यायचं.

मामा : मग ते घड्याळ नव्हे, अंदाज झाला. अंदाज मला आभाळाकडे बघूनही येतो, आणि फुकट येतो.

मामांचा आक्षेप आकड्यांत मांडता येतो. मनगटी घड्याळाची तबकडी साधारण ४० मिमीच्या डबीत बसते आणि रेघांच्या वर्तुळाची त्रिज्या १७ मिमीच्या आसपास असते. वर्तुळाचा परीघ झाला सुमारे १०७ मिमी. तो १४४ भागांत वाटला की पाच मिनिटांच्या वाट्याला पाऊण मिलिमीटरही येत नाही आणि एका मिनिटाच्या वाट्याला ०.१५ मिमी येतो. त्याच तबकडीवर मिनिटकाट्याचे टोक मिनिटाला १.८ मिमी सरकते. शिवाय काटा तबकडीला टेकलेला नसतो. दोहोंत अर्ध्या मिलिमीटरचे अंतर धरले आणि घड्याळ ३० अंश तिरके पाहिले, तर टोक जवळजवळ ०.३ मिमी बाजूला दिसते. म्हणजे नुसत्या तिरक्या नजरेने दोन मिनिटांचा फरक पडतो. भाच्याचे ‘सव्वीस, फार तर सत्तावीस’ हे चांगल्या उजेडात, सरळ पाहून दिलेले उत्तर होते. मांडवातल्या पिवळ्या दिव्याखाली ते ‘पंचवीस ते तीस’ झाले असते.

भाचा : पण मामा, लग्नात सव्वीस आणि सत्तावीस यांत फरक तो काय?

मामा : लग्नात नसेल. डहाणू रोड स्टेशनात आहे. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते, पण चर्चगेटची गाडी हुकली तर पुढची काय पाच मिनिटांनी येत नाही, विरारसारखी. सायवनहून निघालेली माझी गाडी तीन मिनिटं उशिरा पोचली की स्टेशनात धावणारी माणसं मी पाहिलीत. आणि दवाखान्याचं काय? आपल्या सायवनच्या आरोग्य केंद्रात लेकराला छातीत भरलं म्हणून आणलं, तर नर्सबाई काय करते? पोटाकडे बघत श्वास मोजते. पुरं एक मिनिट मोजते. तुझ्या काट्यावर ते मिनिट कुठंय?

हा मामांचा सर्वांत भक्कम मुद्दा. लहान मुलांच्या न्यूमोनियाच्या तपासणीत श्वास पूर्ण ६० सेकंद मोजतात. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर श्वास जलद समजतात. दहा सेकंदांची चूक झाली तरी ४२ चे ३५ होतात आणि आजारी मूल निरोगी ठरते. अशा कामाला सेकंदकाटा लागतोच. एककाटी घड्याळ इथे गैरसोयीचे नाही, निरुपयोगी आहे. त्याचे समर्थन करणाऱ्याने हे सरळ मान्य करावे.

डहाणू-तलासरीचा माणूस सेकंदाचे मोल आणखी एका कारणाने जाणतो. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ ला त्यांतला एक धक्का ४.१ तीव्रतेपर्यंत गेला. धक्क्याचे ठिकाण काढायचे ते प्राथमिक आणि दुय्यम लहरींच्या पोचण्यातल्या अंतरावरून. दोन लहरींत एका सेकंदाचे अंतर म्हणजे केंद्र ढोबळमानाने आठ किलोमीटरवर. त्यामुळे भूकंपमापकाला सेकंदाचाही अंश नोंदवावा लागतो, आणि ती नोंद उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेली असते. गावात मात्र लोक धक्क्याची आठवण ‘जेवायला बसलो होतो तेव्हा’ अशीच सांगतात.

भाचा : हेच म्हणतोय मी. सेकंद ज्याला लागतो त्याच्याकडे यंत्र आहे, नर्सबाईकडे सेकंदकाटा आहे, तुमच्या-माझ्या खिशात फोन आहे. मनगटावर सगळ्यांनी भूकंपमापक कशाला बांधायचा?

मामा : मग मनगटावर काहीच बांधू नको. फोन आहे ना खिशात?

इथे भाच्याला लगेच उत्तर सुचू नये हे रास्त आहे. फोन आल्यापासून मनगटी घड्याळाची गरज उरली नाही. जे घालतात ते घालायचे म्हणून घालतात. मग वाद उपयोगाचा न राहता शोभेचा होतो, आणि शोभेच्या वस्तूला कोणते नियम लावायचे हा प्रश्न उरतो. त्याआधी एका काट्याचा इतिहास पाहणे बरे, कारण ही कल्पना आजच्या कोणा आराखडाकाराच्या डोक्यातून निघालेली नाही.

युरोपातली यांत्रिक घड्याळे पहिली तीनएकशे वर्षे बहुतांशी एककाटीच होती. कारण सौंदर्याचे नव्हते. यंत्रच दिवसाला पाव तास मागेपुढे होत असे, त्यावर मिनिटकाटा बसवणे म्हणजे खोटी साक्ष देणे. ख्रिस्तियान हॉयगन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ केले, १६७५ मध्ये खिशातल्या घड्याळासाठी केसासारखी बारीक स्प्रिंग पुढे आणली, आणि मग मिनिट दाखवण्यात अर्थ आला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या एका मनोऱ्यावरील घड्याळाला आजही एकच काटा आहे.

अब्राहम-लुई ब्रेगे हा पॅरिसचा नामांकित घड्याळकार. क्रांतीच्या धामधुमीनंतर गिऱ्हाईक पांगले तेव्हा, १७९७ च्या सुमारास, त्याने वर्गणीची म्हणून ओळखली जाणारी घड्याळे काढली. मागणी नोंदवताना पाव किंमत द्यायची, उरलेली घड्याळ हाती आल्यावर. तबकडी पांढऱ्या मिन्याची, डबी सुमारे ६१ मिमी व्यासाची आणि काटा एकच. यंत्र साधे, दुरुस्ती सोपी, किंमत त्याच्या इतर घड्याळांच्या मानाने कमी. डबी एवढी मोठी होती म्हणून रेघाही सुट्या दिसत. भूमिती तेव्हाही तीच होती, फक्त ती खिशात मावत होती. आज एक काटा मनगटावर आला आहे आणि स्वस्ताईचा मुद्दा उलटा झाला आहे.

अलीकडचा अवतार जर्मन. क्लाउस बोटा या आराखडाकाराने १९८६ मध्ये उनो नावाचे एककाटी मनगटी घड्याळ काढले. मान्फ्रेड ब्रासलर यांनी २००१ मध्ये म्युन्स्टर शहरात माइस्टरझिंगर ही कंपनी सुरू केली. तिची ओळखच एक काटा आणि ०१, ०२ असे शून्य लावून लिहिलेले अंक. बेलारूसमधल्या मिन्स्कचा लूच कारखाना खूपच कमी किमतीत तसेच घड्याळ करतो. स्लो नावाच्या घड्याळाचा काटा तर २४ तासांत एकच फेरी करतो आणि रेघा पाव-पाव तासांच्या. या घड्याळाच्या जाहिरातीत एक काटा मनाला निवांत करतो असे सांगितले जाते. त्याला आधार काय, ते कोणी सांगत नाही. ज्याच्या खिशात दर मिनिटाला फोन वाजतो त्याला मनगटावरचा काटा कसा निवांत करणार?

भाचा : निवांतपणाचं सोडा. मी म्हणतो, आपल्याकडचा वेळही असाच मोठ्या मापाचा होता. प्रहर तीन तासांचा, घटिका २४ मिनिटांची.

मामा : आणि पळ २४ सेकंदांचं. ते का गाळलंस? साठ पळांची घटिका, साठ घटिकांचा दिवस. पंचांगवाल्याला मिनिटाच्याही आत जायला येत होतं.

मामांचा हा टोला नेमका बसतो. घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. पाण्याच्या घंगाळात सोडली की ती हळूहळू भरते आणि २४ मिनिटांनी तळाशी जाते. मग ती काढायची, रिती करायची, पुन्हा सोडायची. हे उपकरण वेळ मोजते, दाखवत नाही. वाटी अर्धी भरलेली पाहून कोणी ‘बारा मिनिटे झाली’ म्हणत नसे. एककाटी घड्याळाचा स्वभाव याच्या नेमका उलट: ते दिवसात आपण कुठे आहोत ते दाखवते, किती वेळ लोटला ते मोजायला मात्र कच्चे. त्यामुळे घटिकापात्राला या घड्याळाचे पूर्वज म्हणणे बरोबर नाही. पूर्वज शोधायचाच तर तो जमिनीत रोवलेल्या काठीची सावली.

लग्नाच्या वेळेत मात्र दोन्ही मापे एकत्र नांदतात. पत्रिकेवर मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटे असा छापतात. पंचांगात गोरज मुहूर्तही असतो, गुरे रानातून परतताना धूळ उडते त्या वेळेचा. वारल्यांच्या लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत विधी चालवते आणि भिंतीवर पालघाट देवीचा चौक लिहून व्हावा लागतो. तिथे क्रम पक्का असतो, मिनिट नसते.

भाचा : म्हणून म्हणतो, मामा, लग्नाला घालायचं घड्याळ एककाटीच बरं. ११:४२ चा मुहूर्त ११:४२ ला लागलेला तुम्ही किती वेळा पाहिलात?

मामा : लागत नाही म्हणून तर कोणीतरी घड्याळ बघणारा लागतो! भटजींना हाक मारणारा, नवऱ्याकडच्यांना उठवणारा. सगळ्यांच्याच हातात तुझं घड्याळ असलं तर गोरजावर जाईल लग्न.

भाचा : तुमच्या मिनिटालाही कोणी तरी ठरवून दिलंय ना? सूर्य कुठं पाळतो ते?

भाच्याचा हा मुद्दा सायवनच्या रेखांशावर तपासून पाहता येतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. सायवन ७३ अंशांच्या जवळपास आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने इथली सौरवेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३८ मिनिटे मागे असते. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य अजून पूर्वेकडेच कललेला असतो. डोक्यावर येतो तो सरासरी १२:३८ ला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ च्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्यात १२:५२ च्या सुमारास. हे अंतर मुंबईने एकेकाळी भांडण करून जपले होते. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली तरी ३९ मिनिटे मागची मुंबई वेळ शहरात चालूच राहिली, आणि महापालिकेने ती कित्येक दशके सोडली नाही. एकाच शहरात दोन वेळा, आणि निरोप देताना ‘कोणत्या वेळेने?’ हे विचारणे भाग. २४ तासांत एक फेरी करणारे एककाटी घड्याळ या सौरवेळेवर लावले, तर भरदुपारी काटा सूर्यासारखा माथ्यावर असतो आणि मध्यरात्री खाली. बारा तासांच्या घड्याळाला हे साधत नाही. एककाटी घड्याळाचा खरा गुण या २४ तासांच्या रूपातच दिसतो, पण रेघा आणखी दाटीच्या होतात: मिनिटाला पाव अंश.

मामा : तू घड्याळातून माणसांना काही सांगायला निघालायस. सांगायचंच असेल तर उलट्या काट्यांचं घाल. आपल्या आदिवासी मेळाव्यांत बघितलंस ना? त्याला काही अर्थ तरी आहे. एका माणसाची हौस नाही ती.

भाचा : तुम्ही? तुम्ही उलट्या घड्याळाची बाजू घेताय?

मामा : का नाही? उलटं फिरतं, पण मिनिटाला पक्कं आहे. गाडी सोडायला चालेल मला.

उलटे फिरणारे घड्याळ हा अपारंपरिक घड्याळाचा या भागाला जवळचा प्रकार. छत्तीसगडमध्ये गोंडवाना चळवळीतल्या कुटुंबांत काटे उजवीकडून डावीकडे फिरणारी घड्याळे भिंतीवर असतात. गुजरात-महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यातही ती मेळाव्यांतून दिसू लागली आहेत. यंत्र तेच, काट्यांची दिशा आणि अंकांचा क्रम उलटा. पाठीराखे कारणे सांगतात ती अशी: निसर्गाची चाल डावीकडे वळणारी आहे, पृथ्वी तशी फिरते, वेली तशा चढतात, नाचाचे रिंगण तसे धरले जाते. यांतली पहिली दोन तपासता येतात. पृथ्वी उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिली तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरते आणि बहुतेक वेली वरून पाहिल्या तर तशाच वळत चढतात. तिसऱ्याला तपासणी लागू नाही. जे नाचतात त्यांनी सांगायचे.

काटे आज ज्या दिशेने फिरतात ती दिशा उत्तर गोलार्धातल्या सावलीवरून आली, असे पाठ्यपुस्तके सांगतात. सूर्य दक्षिणेकडून जातो, सावली पश्चिमेकडून उत्तरेला आणि तिथून पूर्वेला वळते, आणि ही दिशा म्हणजे घड्याळाची दिशा. युरोपात हे वर्षभर खरे आहे. सायवनात नाही. हे गाव सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. इथे शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो, एकदा २० मेच्या आगेमागे आणि एकदा २३ जुलैच्या आगेमागे. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेकडून जातो. जमिनीत सरळ रोवलेल्या काठीची सावली तेव्हा नैर्ऋत्येकडून दक्षिणेला आणि दक्षिणेकडून आग्नेयेला जाते, म्हणजे घड्याळाच्या उलट. सकाळी सूर्य उगवल्यावर बराच काळ ती सरळ दिशेने सरकते, मग थबकते आणि मागे फिरते. दुपार कलल्यावर पुन्हा एकदा तसेच. मेच्या अखेरीस आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, ढग भरून येण्याआधी, अंगणात एक काठी रोवून आणि तासातासाला खडा ठेवून हे कोणालाही पाहता येते. काठी अगदी उभी हवी, ओळंब्याने तपासलेली. उलट्या घड्याळाच्या पाठीराख्यांपैकी कोणी आपल्या बाजूचा हा पुरावा फारसा वापरताना दिसत नाही, हे नवल.

भाचा : म्हणजे वर्षातले दोन महिने, दुपारपुरतं, तुमचं उलटं घड्याळ बरोबर आणि भिंतीवरचं चूक.

मामा : आणि तुझं?

भाचा : माझं दिशेने सरळच आहे, मामा. फक्त काटा कमी.

मामा : तेच सांगतोय. तुझ्या घड्याळाला बाजूच नाही. उलटं घालणारा म्हणतो, आमचं निराळं आहे. तू म्हणतोस, माझं एक काटा कमी. त्याचं विचारतात तर त्याला सांगायला गाव आहे, समाज आहे. तुझं विचारतात तर तू कंपनीचं नाव सांगतोस.

शोभेच्या घड्याळाचे नियम इथे कामी येतात. समारंभाचे घड्याळ पातळ असावे, डबी लहान, तबकडी मोकळी, पट्टा कातड्याचा, तारीख नको, बाहीखाली नाहीसे व्हावे आणि पाहणाऱ्याचे लक्ष वेधू नये, अशी जुनी रीत. मोकळ्या तबकडीच्या बाबतीत एककाटी घड्याळ या रीतीच्या पुढे एक पाऊल आहे. त्याहून मोकळी तबकडी होणे कठीण. पण बाकी दोन बाबतीत ते अडखळते. रेघा वाचता याव्यात म्हणून डबी मोठी करावी लागते, ३८ ते ४३ मिमी, आणि ती बाहीत अडकते. मिनिटकाटा काढल्याने यंत्र पातळ होत नाही, कारण आतले मशीन बहुधा तेच नेहमीचे असते. टायटनने २००२ मध्ये एज काढले तेव्हा अवघे १.१५ मिमी जाडीचे मशीन करून डबी ३.५ मिमीवर आणली, आणि त्यात काटे दोन होते. पातळपणासाठी काटा टाकावा लागत नाही.

तिसरी अडचण लक्ष वेधण्याची, आणि ती मोठी आहे. एककाटी घड्याळ दिसायला साधे, पण पाहणारा हटकून विचारतो, ‘दुसरा काटा कुठंय?’ ज्या वस्तूचा खुलासा प्रत्येक पंगतीत करावा लागतो ती विनम्र वस्तू नव्हे. सोन्याची जाड साखळी निदान स्वतःच बोलते. मालकाला हा प्रश्न आवडत असेल तर त्याने घड्याळ हौसेने घालावे, मात्र त्याला साधेपणा म्हणू नये. सोहळ्यातले साधे घड्याळ हवे असेल तर एच.एम.टी. जनता त्याला उत्तर आहे. जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत १९६१ मध्ये एच.एम.टी.चा घड्याळ कारखाना सुरू झाला, २०१६ मध्ये घड्याळांचे काम बंद झाले, आणि चावीचे ते घड्याळ एका पिढीतल्या कितीतरी जावयांच्या मनगटावर होते. त्याबद्दल कोणी काही विचारत नाही.

भाचा : विचारतात म्हणून वाईट? माझ्या धंद्यात ज्या वस्तूबद्दल कोणी विचारत नाही ती फसली म्हणतात.

मामा : माझ्या धंद्यात ज्या गाडीबद्दल कोणी विचारायला येत नाही, ती वेळेवर गेली म्हणतात.

दोघांच्या धंद्यांतला हा फरक मिटण्यासारखा नाही आणि मिटवण्याची गरजही नाही. घड्याळ कशासाठी घातले यावर उत्तर बदलते. गाडी, औषध, श्वास, स्वयंपाकातली शिट्टी: यांना मिनिट लागते. मांडवात बसणे, पाहुण्यांकडे जाणे, बाजारातून अंधार पडण्याआधी निघणे: यांना पावतास पुरतो, आणि पावतास एका काट्यावर दोन काट्यांपेक्षा झटकन दिसतो, कारण दोन काट्यांचा मेळ घालावा लागत नाही. सरावाला चार-आठ दिवस जातात. सुरुवातीची नेहमीची चूक म्हणजे एकट्या काट्याला मिनिटकाटा समजणे. काटा ४ वर पाहून जुनी सवय ‘वीस मिनिटे’ वाचते. काही तबकड्यांवर ०४ असे लिहिलेले असते, तरी ही चूक होते.

घेणाऱ्याने आणि सांभाळणाऱ्याने लक्षात ठेवायचे ते मुख्यत्वे काट्याच्या बसवण्याबद्दल. नेहमीच्या घड्याळात तासकाटा एखादा अंश वाकडा बसला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, मिनिटकाटा खरे बोलत असतो. इथे एका अंशाची चूक म्हणजे दोन मिनिटांची चूक. तासाचे चक्र मशीनमध्ये जरा सैलच बसते आणि तो सैलपणाही काट्याच्या टोकाशी दिसतो. म्हणून वेळ लावताना चावी ओढून काटा हव्या त्या रेघेच्या थोडा मागे न्यावा आणि पुढे आणत रेघेवर थांबवावा. पुढून मागे आणून थांबवला तर सैलपणा भरून निघेपर्यंत घड्याळ काही मिनिटे जागेवरच उभे राहते. लावायची वेळ पूर्ण तासाची निवडावी, कारण तासाची रेघ लांब आणि टोक तिच्यावर नेमके ठेवता येते. चावी देण्याचे मशीन असेल तर रोज ठरावीक वेळी द्यावी.

मामा : आणि बिघडलं तर?

भाचा : सेल बदलायचा असला तर कोणीही बदलतो.

मामा : मी सेलचं नाही विचारत. काट्याचं विचारतोय.

दुरुस्तीवाल्याच्या हातून होणारी नेहमीची चूक तीच असते. तबकडी उतरवण्यासाठी काटा काढतो आणि परत बसवताना, सवयीने, तासकाटा साधारण जागेवर दाबतो. घड्याळ चालते, पण सात-आठ मिनिटे पुढे किंवा मागे दाखवते. वेळ पुन्हा लावून हे झाकता येते, कारण मशीनला तासाची ओळख नसते. तारीख असलेल्या मशीनवर मात्र झाकत नाही: तारीख मध्यरात्री उलटते, आणि काटा तेव्हा १२ वर नसेल तर रोज ठरावीक मिनिटांच्या फरकाने उलटत राहते. म्हणून अशा मशीनवर काटा बसवायचा तो चावीने तारीख उलटवून, ती उलटल्या क्षणी थांबून, १२ च्या रेघेवर. काटा काढायची गरजच नसेल तर तो काढू नये, हे घड्याळ देतानाच तोंडाने सांगावे.